दाब किती, आणि उजवा कप्पा कसा

भिवंडीत यंत्रमागांना सुट्टी असते ती शुक्रवारी. एरवी रात्रंदिवस चालणारी खटखट त्या दिवशी थांबते आणि शनिवारी पुन्हा सुरू होते. सुताच्या धुळीमुळे होणाऱ्या छातीच्या आजाराला बिसिनोसिस म्हणतात. त्याची एक खूण वैद्यकीय पुस्तकांत हमखास सापडते. सुट्टी संपवून माणूस कामावर परतला की पहिल्या दिवशी छाती आवळते, दम लागतो आणि आठवडा पुढे सरकेल तसा त्रास थोडा उतरतो. ही पुस्तकं लँकशायरच्या गिरण्या डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेली, म्हणून त्यांत हा दिवस सोमवार. भिवंडीतल्या कारीगराला ‘सोमवारी जास्त त्रास होतो का?’ असं विचारणारा डॉक्टर भलत्याच वाराची चौकशी करतो. विचारायला हवं ते शनिवारचं.

मुंबईच्या गिरणी कामगारांमधल्या या आजाराचा अभ्यास केईएम रुग्णालयातल्या छातीविकार विभागाचे डॉ. एस. आर. कामत यांनी केला. कापूस पिंजायच्या आणि कार्डिंगच्या खात्यात धूळ सर्वांत जास्त, तिथे त्रासही जास्त. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला, त्यानंतर गिरण्या पुन्हा पूर्वीसारख्या उभ्या राहिल्या नाहीत आणि विणकामाचा मोठा भाग भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या मागांकडे गेला. गिरणीत निदान ईएसआयचं कार्ड तरी होतं. इथे एकेका गाळ्यात मूठभर माग, बारा-बारा तासांची पाळी, आणि कामगाराचं नाव बहुतेक वेळा कुठल्याच कागदावर नाही. बिसिनोसिस हा व्यवसायजन्य आजार म्हणून कामगारांच्या नुकसानभरपाईच्या कायद्याच्या अनुसूचीत नोंदलेला आहे. पण आधी आपण त्या कारखान्यात कामाला होतो हेच ज्याला सिद्ध करता येत नाही, त्याला ती अनुसूची काय कामाची?

धुळीवर सगळं खापर फोडणंही बरोबर नाही. मागाच्या शेडमध्ये पिंजणखात्याइतकी धूळ नसते. आजचं पुष्कळसं सूत पॉलिएस्टरमिश्रित असतं. एकट्या बिसिनोसिसमुळे हृदय खचल्याचं क्वचितच दिसतं. पण भिवंडीतल्या माणसाच्या फुप्फुसावर धूळ कधी एकटी येत नाही. सोबत बिडी असते, सुताला खळ देणाऱ्या सायझिंगच्या बॉयलरचा धूर असतो, एका खोलीत आठ-दहा जण झोपल्यामुळे एकाचा क्षय दुसऱ्याला लागलेला असतो. क्षय औषधांनी बरा होतो, मात्र फुप्फुसाचा जो भाग खाल्ला गेला तो परत येत नाही. वीस-पंचवीस वर्षांनी या सगळ्याचं बिल हृदयाकडे येतं, आणि येतं ते त्याच्या उजव्या बाजूकडे. या प्रकरणाचा विषय ती उजवी बाजू आहे.

शाळेच्या वहीत हृदयाची आकृती काढताना आपण चार कप्पे सारख्या आकाराचे काढतो. प्रत्यक्षात खालचे दोन कप्पे दिसायला आणि वागायला अगदी वेगळे आहेत. डावा कप्पा जाड भिंतीचा आणि निमुळता. उजवा त्याला बाहेरून बिलगलेला, आडवा छेद घेतला तर चंद्रकोरीसारखा, आणि त्याची भिंत जेमतेम तीन ते पाच मिलिमीटर, म्हणजे डाव्याच्या साधारण तिसरा हिस्सा. दोघेही मिनिटाला तेवढंच रक्त पुढे ढकलतात, सुमारे पाच लिटर. फरक आहे तो समोरच्या अडथळ्यात. डाव्याला ते रक्त डोक्यापासून पायाच्या अंगठ्यापर्यंत पोचवायचं असतं, त्यासाठी त्याला पाऱ्याच्या १२० मिलिमीटरचा दाब लावावा लागतो. उजव्याला फक्त शेजारच्या फुप्फुसात जायचं. तिथल्या रक्तवाहिन्या रुंद आणि सैल, अडथळा शरीराच्या मानाने सुमारे दहावा हिस्सा. पंचवीस मिलिमीटरच्या दाबात त्याचं काम भागतं. डावा कप्पा पिळून रक्त काढतो, तर उजवा लोहाराच्या भात्यासारखा चालतो. त्याची झडपेकडची कड टोकाच्या दिशेने खाली ओढली जाते, बाहेरची भिंत आतल्या पडद्याकडे सरकते आणि रक्त हळूच फुप्फुसात जातं. हवा भरपूर, जोर बेताचा. भात्याचं तोंड कोणी चिमटीत धरलं तर जे होईल, त्यालाच पल्मोनरी हायपरटेन्शन म्हणायचं.

उजवीकडचं रक्त डावीकडे जायचं ते फुप्फुसातूनच, मधल्या पडद्याला भोकं नसतात, हे तेराव्या शतकात कैरोमध्ये इब्न अल-नफीस यांनी लिहून ठेवलं होतं. आपल्याकडच्या युनानी हकिमांच्या परंपरेतला हा माणूस. युरोपला त्याचं हस्तलिखित १९२४ साली बर्लिनच्या ग्रंथालयात सापडलं, तोवर सगळं श्रेय दुसऱ्यांना वाटून झालं होतं.

उजव्या कप्प्याच्या वाट्याला पुढेही उपेक्षाच आली. १९४३मध्ये अमेरिकेत आयझॅक स्टार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुत्र्यांच्या उजव्या कप्प्याची भिंत जाळून निकामी केली आणि काय होतं ते पाहिलं. शिरांमधला दाब फारसा वाढला नाही, कुत्री बऱ्यापैकी तगली. निष्कर्ष निघाला की हा कप्पा नुसता एक बोळ आहे, नसला तरी चालेल. १९६८ साली फ्रान्समधल्या बोर्दो इथे शल्यविशारद फाँताँ यांनी तर उजव्या कप्प्याला वगळून शिरांचं रक्त थेट फुप्फुसाकडे वळवणारी शस्त्रक्रिया केली. जन्मतः तो कप्पा नीट घडलेला नसतो अशा मुलांना त्या शस्त्रक्रियेने आयुष्य मिळालं. दोन्हीकडे एक अट गृहीत होती आणि ती फारशी कोणी मोठ्याने बोललं नाही : फुप्फुस निरोगी हवं, अडथळा कमी हवा. अडथळा वाढला की तोच ‘बोळ’ माणसाचं आयुष्य ठरवतो.

त्याच १९६८ सालच्या फेब्रुवारीत मुंबईच्या केईएममध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी भारतातलं पहिलं हृदयरोपण केलं. केपटाऊनमध्ये झालेल्या जगातल्या पहिल्या रोपणाला तेव्हा तीन महिनेही झाले नव्हते. रुग्ण काही तासच जगला. पुढच्या काळात जगभरच्या शल्यविशारदांना एक गोष्ट पक्की कळली. ज्याच्या फुप्फुसातला अडथळा फार वाढलेला आहे, त्याला कितीही उत्तम हृदय बसवलं तरी त्याचा उजवा कप्पा टेबलावरच हात टेकतो. ते हृदय धडधाकट माणसाचं असतं, त्याच्या उजव्या कप्प्याला २५चा दाब माहीत असतो, आणि अचानक त्याच्यासमोर साठ-सत्तरचा डोंगर येतो. म्हणून आज रोपणाआधी हा अडथळा मोजल्याशिवाय पुढे जात नाहीत.

अचानक हा शब्द इथे महत्त्वाचा. फुप्फुसात एकाएकी मोठी गुठळी अडकली तर सवय नसलेला उजवा कप्पा फुप्फुसधमनीत ४० मिलिमीटरच्या वर सरासरी दाब निर्माण करूच शकत नाही. त्याच्या आत तो ढेपाळतो. तोच दाब पाच-दहा वर्षांत चढत गेला तर कप्पा आपली भिंत जाड करून घेतो, नव्वद-शंभरचा दाबही पेलतो, आणि माणूस चालता-फिरता राहतो.

दाब वाढतो कसा, तेही एकदा पाहायला हवं. स्टॉकहोममध्ये १९४६ साली फॉन ऑयलर आणि लिल्येस्त्रांद या दोघांनी मांजरांना कमी प्राणवायूची हवा दिली, तेव्हा फुप्फुसातल्या रक्तवाहिन्या आकसल्या. शरीराच्या बाकी भागात प्राणवायू कमी पडला की रक्तवाहिन्या पसरतात, फुप्फुसात उलट होतं. त्यात शहाणपण आहे. फुप्फुसाच्या एखाद्या कोपऱ्यात हवा पोचत नसेल तर तिकडे रक्त पाठवून उपयोग काय? ते चांगल्या भागाकडे वळवलेलं बरं. पण क्षयाने, बिडीने, धुराने सगळंच फुप्फुस पोखरलं गेलं की सगळीकडच्याच रक्तवाहिन्या आकसून बसतात. वर्षानुवर्षं आकसलेल्या राहिल्या की त्यांच्या भिंती जाड होतात आणि मग प्राणवायू दिला तरी पूर्ववत होत नाहीत.

या धुराचा धडा भारतानेच जगाला दिला आहे. डॉ. एस. पद्मावती यांनी १९५०च्या दशकात दिल्लीत फुप्फुसामुळे खचलेल्या हृदयांची नोंद ठेवली, आणि १९५९ साली त्यांचा १२७ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. पाश्चात्त्य देशांत हा सिगारेट ओढणाऱ्या म्हाताऱ्या पुरुषांचा आजार मानला जाई. पद्मावतींना बायका जवळपास तेवढ्याच दिसल्या, आणि त्या पुरुषांपेक्षा कमी वयात आजारी पडलेल्या. त्यांतल्या बहुतेक बायका तंबाखूला शिवत नव्हत्या. त्या चुलीपुढे बसत होत्या. पुढे पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे डॉ. संदीप साळवी यांनीही धूम्रपान न करणाऱ्यांच्या फुप्फुसविकाराकडे जगाचं लक्ष वेधलं. भिवंडीतल्या खोल्यांमध्ये आता गॅस बराच आला आहे. पण आज पन्नाशीला आलेल्या बाईच्या छातीत तिच्या गावाकडच्या चुलीची वीस वर्षं आहेतच.

आता आकडे. फुप्फुसधमनीतला सरासरी दाब निरोगी माणसात १४ मिलिमीटरच्या आसपास असतो. १९७३मध्ये जिनिव्हात जागतिक आरोग्य संघटनेने बोलावलेल्या बैठकीत २५ ही सीमा धरली गेली. भूक मारणाऱ्या अमिनोरेक्स नावाच्या गोळ्यांमुळे स्वित्झर्लंड, ऑस्ट्रिया, पश्चिम जर्मनीत या आजाराची लाट येऊन गेली होती, त्या पार्श्वभूमीवर ती बैठक भरली होती. २५चा आकडा बराचसा सोयीचा होता. २०१८च्या नीसमधल्या परिषदेत तो २०वर आणावा असं सुचवलं गेलं आणि २०२२च्या युरोपीय मार्गदर्शक सूचनांनी ते स्वीकारलं.

आकडा वर असणं वाईटच. मात्र आकड्यावरून माणसाचं भवितव्य सांगता येत नाही, आणि इथेच रुग्णाचे नातेवाईक, कधी कधी डॉक्टरही, फसतात. हृदयाच्या पडद्याला जन्मतः मोठं भोक असेल आणि ते वेळेवर बुजवलं गेलं नाही तर फुप्फुसातला दाब हातावरच्या रक्तदाबाइतका चढतो. अशी माणसं निळसर ओठांनी का होईना, चाळिशी-पन्नाशी गाठतात, कारण त्यांच्या उजव्या कप्प्याची भिंत आईच्या पोटात असताना जाड होती ती तशीच राहिलेली असते. आता दुसरं टोक. अमेरिकेत १९८०च्या दशकात, औषधं उपलब्ध होण्यापूर्वी, कारण न सापडणाऱ्या फुप्फुस-रक्तदाबाच्या १९४ रुग्णांची नोंद ठेवली गेली. निदानानंतर निम्मे रुग्ण २.८ वर्षांच्या आत गेले. कोण जगणार हे सांगणाऱ्या निकषांत वरच्या उजव्या कप्प्यात तुंबलेला दाब आणि हृदय मिनिटाला किती रक्त फेकतं हे दोन ठळक होते. दोन्ही गोष्टी उजव्या बाजूची ताकद दाखवतात. २०११मध्ये ॲमस्टरडॅमच्या संशोधकांनी यापुढचं दाखवलं. औषधांनी फुप्फुसातला अडथळा कमी झाला तरी काही रुग्णांचा उजवा कप्पा खचतच गेला, आणि दगावले ते मुख्यतः तेच.

त्याहून चकवणारी गोष्ट म्हणजे दाब उतरणं. समजा एका रुग्णाचा सरासरी दाब ५५ आहे, डावीकडचा दाब १० आणि हृदय मिनिटाला ५ लिटर रक्त फेकतं. ५५मधून १० वजा करून ५ने भागलं की अडथळा येतो ९. दोन वर्षांनी दाब ४५ होतो. घरात पेढे वाटायची तयारी. पण आता रक्त फक्त ३ लिटर फेकलं जातंय. ४५मधून १० वजा, भागिले ३, म्हणजे जवळपास १२. अडथळा वाढलाय, दाब उतरलाय, कारण ढकलणाराच थकलाय.

थकण्याचीही एक रीत आहे. आधी भिंत जाड होते. काही वर्षं कप्पा अनेक पटींनी जोर लावून अडथळ्याला पुरून उरतो. मग पोकळी फुगायला लागते. पोकळी जितकी मोठी तितका भिंतीवरचा ताण जास्त, ताण जितका जास्त तितकी ती आणखी फुगते. उजव्या बाजूच्या वरच्या आणि खालच्या कप्प्यामधली झडप ताणून उघडी राहते; रक्त मागे गळू लागतं. हृदयाभोवतीचं आवरण फारसं ताणलं जात नाही, त्यामुळे फुगलेल्या उजव्याला जागा मिळते ती डाव्याच्या वाटणीची. मधला पडदा डावीकडे ढकलला जातो, गोल डावा कप्पा एका बाजूने चपटा होतो, त्यात रक्त कमी भरतं आणि हातावरचा रक्तदाब पडतो. जिना चढताना डोळ्यांपुढे अंधारी येते ती यामुळे. रक्तदाब पडला की उजव्या कप्प्याच्या स्वतःच्या भिंतीला रक्त पुरवणारी धमनीही उपाशी राहते. निरोगी उजव्या कप्प्याला आकुंचन आणि प्रसरण या दोन्ही वेळी रक्त मिळतं, ही त्याची चैन. आतला दाब चढला की ती चैन संपते. या फेऱ्यात एकदा सापडल्यावर घसरण दिवसांत मोजावी लागते.

हे सगळं बाहेरून कसं दिसतं? पंचवीस वर्षं माग चालवलेला एखादा कारीगर नजरेसमोर आणा. भिवंडीच्या शांतीनगरमध्ये राहतो, बिस्सीत, म्हणजे कारीगरांच्या खानावळीत, जेवतो. पहिली तक्रार धापेची, पण धाप सगळ्यांनाच लागते, ‘वय झालं’ म्हणून ती निभावून नेली जाते. मग तो ताटात अर्धं टाकून उठायला लागतो. बिस्सी चालवणाऱ्या बाईच्या ते आधी लक्षात येतं. यकृतात रक्त तुंबून पोट गच्च झालेलं असतं, भूक मरते, तो आम्लपित्ताच्या गोळ्या घेतो. संध्याकाळी घोट्यावर बोट दाबलं तर खड्डा पडतो आणि भरून यायला वेळ लागतो. अर्धवट उठवून, म्हणजे ४५ अंशांवर टेकवून, मान किंचित डावीकडे वळवायला सांगितली की उजव्या बाजूला शीर फुगून कानाच्या पाळीकडे चढलेली दिसते. या तपासणीला यंत्र लागत नाही, वीज लागत नाही, मिनिटभर लागतं आणि चांगला उजेड लागतो. दवाखान्यात रांग असली की हेच मिनिट पहिलं वगळलं जातं.

त्याला अशक्तपणा वाटतो, म्हणून त्याची मागणी असते सलाईनची. ‘डॉक्टर, एक बाटली लावा, ताकद येईल.’ आपल्याकडच्या छोट्या दवाखान्यांत ही मागणी नाकारणारा डॉक्टर गिऱ्हाईक गमावतो. पण फुगलेल्या उजव्या कप्प्यात आणखी अर्धा लिटर पाणी ओतणं म्हणजे मधला पडदा आणखी डावीकडे ढकलणं. रक्तदाब वाढायच्या ऐवजी पडतो. या माणसाला लागते ती बहुधा लघवीवाटे पाणी काढणारी गोळी, कमी मीठ आणि रोज सकाळी वजन. दोन-तीन दिवसांत दीड-दोन किलो वजन वाढलं तर ते जेवणाचं नसतं. लोणचं, पापड, फरसाण यांच्यावर गदा येते, आणि बिस्सीतल्या सामायिक आमटीतलं मीठ एकट्यासाठी कसं कमी करायचं हा खरा प्रश्न उरतो.

मग टूडी इको. डाव्या कुशीवर झोपवून, छातीवर थंडगार जेल लावून प्रोब ठेवतात. पडद्यावर उजव्या झडपेतून मागे गळणाऱ्या रक्ताचा रंगीत झोत दिसतो, डॉप्लर चालू केला की त्याचा फुस्कारा ऐकू येतो. त्या झोताचा वेग मोजायचा. तो सेकंदाला ४ मीटर निघाला, तर वेगाचा वर्ग १६, त्याला ४ने गुणलं की ६४. त्यात वरच्या उजव्या कप्प्यातला दाब मिळवायचा. तो मोजत नाहीत, पोटातली मोठी शीर किती रुंद आहे आणि श्वास घेताना किती मिटते यावरून अंदाजाने धरतात. समजा ८ धरला. झाले ७२. रिपोर्टवर छापलं जातं, ‘पीएएसपी ७२’, म्हणजे फुप्फुसधमनीतला वरचा दाब. घरचे म्हणतात, बीपी तर १२० असतो, ७२ म्हणजे कमीच की! मग कोणीतरी समजावतं की इथे २५ असायला हवा होता, आणि तिथून पुढे घरातल्या सगळ्यांचा जीव त्या एका आकड्याला टांगतो. झोताचा कोन थोडा चुकला, शिरेचा अंदाज चुकला तर ७२चे ६० किंवा ८० सहज होतात.

त्याच कागदावर खाली आणखी एक आकडा असतो, ‘टॅप्सी’. प्रत्येक ठोक्याला उजव्या झडपेची कड किती मिलिमीटर खाली ओढली जाते याचं ते माप. १७च्या खाली गेलं तर कप्प्याचा जोर कमी. दोन माणसांचा दाब ७२च आहे असं धरा. एकाचा टॅप्सी २०, दुसऱ्याचा १२. टॅप्सीला दाबाने भागलं तर पहिल्याचं उत्तर ०.२८, दुसऱ्याचं ०.१७. २०२२च्या युरोपीय सूचनांनी धमन्यांच्याच आजारातून आलेल्या प्रकारासाठी ०.३२च्या वर धोका कमी आणि ०.१९च्या खाली धोका जास्त असं धरलं आहे. दाब तोच, पण पहिला कप्पा अजून अडथळ्याशी झुंजतो आहे, दुसऱ्याने शस्त्रं खाली ठेवायला सुरुवात केली आहे. कागद हातात आला की आधी दाब किती, असं सगळे विचारतात. टॅप्सी किती, उजवा कप्पा किती फुगलाय, पडदा चपटा झालाय का, हे विचारणारा नातेवाईक विरळा. काही केंद्रांच्या रिपोर्टात टॅप्सी छापलेलाच नसतो. मागून घ्यावा.

इको अंदाज देतो, खात्री देते ती कॅथेटर तपासणी. मानेच्या किंवा मांडीच्या शिरेतून बारीक नळी उजव्या हृदयातून फुप्फुसधमनीपर्यंत नेतात. १९२९ साली वेर्नर फोर्समान या तरुण जर्मन डॉक्टरने अशी नळी स्वतःच्याच हाताच्या शिरेतून हृदयापर्यंत घातली आणि पायऱ्या उतरून क्ष-किरण खोलीत जाऊन फोटो काढून घेतला. वरिष्ठांनी झापलं. सत्तावीस वर्षांनी नोबेल मिळालं. आज ही तपासणी ठाणे-मुंबईच्या मोठ्या रुग्णालयांत होते. तिच्यातून कळते ती मुख्य गोष्ट म्हणजे अडथळा आहे तरी कुठे, फुप्फुसाच्या धमन्यांत की त्यापलीकडे डाव्या बाजूला.

कारण औषध त्यावरून ठरतं. भिवंडीसारख्या दाट वस्तीत लहानपणच्या घशाच्या दुखण्यातून सांधेताप, त्यातून डावी झडप अरुंद होणं, हे अजून घडतं. अशा बाईला बाळंतपणात पहिल्यांदा जीवघेणा दम लागतो, तेव्हा इकोत फुप्फुसातला दाब सत्तर दिसतो. तिला फुप्फुसाच्या गोळ्या देऊन भागत नाही. फुग्याने झडप मोकळी केली की दाब बऱ्याचदा टेबलावरच उतरायला लागतो. राज्यात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून हृदयाच्या पुष्कळ उपचारांचा खर्च भागतो, कागदपत्रं मात्र जवळ हवीत, आणि परगावच्या कारीगराची ती बहुधा गावी असतात.

फुप्फुसच पोखरलेल्या कारीगराला मुख्य औषध प्राणवायू. रक्तातलं प्रमाण फार खाली गेलेल्यांना दिवसातले किमान पंधरा तास प्राणवायू दिला तर आयुष्य वाढतं, हे १९८० आणि १९८१मध्ये अमेरिका आणि ब्रिटनमधल्या दोन चाचण्यांनी दाखवलं. ज्यांच्या धमन्याच आजारी आहेत अशांना सिल्डेनाफिल. ही गोळी लिहून दिली की औषधाच्या दुकानात हसू होतं, कारण ती वायग्रा म्हणून प्रसिद्ध. २००५पासून अमेरिकेत तिला या आजारासाठी मान्यता आहे, बायकांना आणि मुलांनाही ती देतात. हसण्यापेक्षा दुकानदाराने एक गोष्ट बजावून सांगावी. ही गोळी चालू असताना छातीत दुखलं म्हणून शेजाऱ्याने दिलेली सॉर्बिट्रेट जिभेखाली ठेवायची नाही. दोन्ही मिळून रक्तदाब असा कोसळतो की सावरणं कठीण.

आणि एक तपासणी हटकून राहून जाते. फुप्फुसात गुठळी अडकून बरे झालेल्या शंभरातल्या दोन ते चार जणांत ती पूर्ण विरघळत नाही, धमनीच्या आतल्या अस्तराला चिकटून घट्ट होते आणि दाब चढत जातो. काहींना आपल्याला गुठळी झाली होती हेही ठाऊक नसतं. पायाचं हाड मोडून दोन महिने खाटेवर काढले होते, तेव्हापासून दम लागतो, एवढंच ते सांगतात. हवा कुठे पोचते आणि रक्त कुठे पोचतं याची तुलना करणारं स्कॅन केलं की हे उघड होतं. बाकीच्या बहुतेक प्रकारांत आजार थोपवायचा असतो, इथे तो शस्त्रक्रियेने काढता येतो. छाती उघडून, शरीर खूप थंड करून, रक्ताभिसरण काही मिनिटं पूर्ण थांबवून शल्यविशारद धमनीच्या आतलं ते जुनं अस्तर सोलून काढतात. शस्त्रक्रिया जमली की फुप्फुसातला अडथळा काही दिवसांतच उतरतो. पुढच्या महिन्यांत इको करत राहिलं तर पोकळी लहान होत गेलेली, चपटा पडदा पुन्हा गोल झालेला, मागे गळणारा झोत बारीक झालेला दिसतो. भिंतीची वाढलेली जाडीही ओसरते. फुप्फुस बदलून बसवलेल्या रुग्णांतही हेच आढळलं आहे : हृदय जुनंच ठेवलं, तरी पार फुगलेला उजवा कप्पा समोरचा भार निघाल्यावर पुन्हा आपल्या मापावर येतो. म्हणून धापेचं दुसरं कारण सापडलं असलं, बिडी आणि धूळ डोळ्यांसमोर असली, तरी दाब त्या मानाने फारच जास्त दिसत असेल तर ते स्कॅन एकदा करून घ्यायचं.